राजगिरा : उशिराची पेरणी युरियाने भरून निघते का?

प्रश्न : गेल्या रब्बीत सोयाबीनच्या रानात एक एकर राजगिरा केला. अर्धा एकर दिवाळीच्या सुमारास पेरला. उरलेला, ऊसतोडीच्या गडबडीमुळे, डिसेंबरच्या मध्यावर. मागास पीक पुढे यावे म्हणून त्याला युरियाची अख्खी गोणी एकदम दिली. पीक हिरवेगार दिसले, परंतु कणसे आखूड राहिली, टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी दिल्यावर बरेच लोळले आणि उतारा निम्म्यावर आला. चूक तारखेची की खताची?
— एक वाचक, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : मूळ चूक तारखेची, खताने ती वाढवली. राजगिरा हे लहान दिवसांचे पीक आहे, म्हणजे दिवस लहान झाले की ते फुलावर येते. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेल्या झाडाला फुलोऱ्यापूर्वी उबेत वाढायला काही आठवडे मिळतात. डिसेंबरात मात्र थंडीमुळे उगवण रेंगाळते, दिवस सर्वांत लहान असल्याने झाड अंगाने भरण्याआधीच कणसावर येते आणि दाणा पोसण्याचा काळ नेमका उन्हाच्या चटक्यात सापडतो. युरियातले नत्र (नायट्रोजन) पाने वाढवू शकते, गेलेले दिवस परत आणू शकत नाही.

आता हिशेब पाहू. या पिकाला हेक्टरी सुमारे ६० किलो नत्र, ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २० किलो पालाश (पोटॅश) देतात. नत्राचे हे प्रमाण एकरी २४ किलो, म्हणजे सुमारे ५२ किलो युरिया होते. अर्ध्या एकराला २६ किलो. आपण ४५ किलोंची गोणी ओतली, तीही एका दमात. अशा वेळी खोड मऊ व पाणीदार होते आणि ओल्या रानात थोड्या वाऱ्यानेही आडवे पडते. निम्मे नत्र पेरणीला आणि निम्मे महिन्याने, विरळणी व खुरपणी उरकल्यावर, वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना द्यावे. स्फुरदासाठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत वापरत असाल तर त्यातील १८ टक्के नत्र हिशेबातून वजा करावे. हे बहुतेक जण विसरतात.

सोयाबीन निघताच रान तयार करून एकरी ६०० ते ८०० ग्रॅम बियाणे बारीक वाळूत मिसळून, ४५ सेंटिमीटर ओळींत अगदी उथळ पेरावे. बी खसखशीएवढे असल्याने खोल गेले तर उगवत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या सुरुवातीपुढे सरकलीच, तर युरियाचा दुसरा हप्ता निम्मा करावा, आणि डिसेंबर उजाडला तर त्या रानात हरभराही नको, चाऱ्याचा मका बरा.