केबिन शेवटी मागवा, आधी जमिनीवर एक पाऊस बघा

तयार घरं आणि केबिन याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते, त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या बऱ्याच जणांना तेच विचारायचं होतं.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघंही रिटायर झालोय. गावाबाहेर अर्धा एकर जमीन आहे, तिथे 20 बाय 12 फुटांची तयार केबिन बसवायची आहे. कंपनीवाले म्हणतात ऑर्डर दिली की महिन्याभरात चावी हातात. आम्ही आधी काय काय बघून घ्यावं?

ताई, तो महिना कारखान्यातल्या कामाचा असतो. तुमच्या जमिनीचं काम त्यात कोणी धरत नाही आणि खरा वेळ तर तिथेच जातो. म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, केबिन सगळ्यात शेवटी मागवा. आधी एकदा चांगला दणकून पाऊस पडत असताना दोघं जाऊन जमिनीवर उभे राहा, छत्री घेऊन, घाई न करता. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून निघून जातं ते बघा आणि जिथे जिथे साचतंय तिथे खुंट्या ठोकून या. उन्हाळ्यात जी जागा सपाट म्हणून आवडते तीच बरेचदा पाण्याची वाट निघते.

मग रस्ता. तुम्ही 12 फूट रुंदी म्हणताय, पण साध्या ट्रकवर साधारण 8 फुटांच्या आसपासच रुंदी बसते, म्हणजे तुमची केबिन एक तर दोन तुकड्यांत येणार किंवा पॅनल सुटी येऊन जागेवर जोडली जाणार. हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या, कारण दोन तुकड्यांचा जोड बरोबर छताच्या मधोमध येतो आणि पुढे गळतं ते तिथेच. गेटची रुंदी, वळणं, वरून जाणाऱ्या वायरी, वाटेतला छोटा पूल, सगळं टेप घेऊन मोजा. माझी स्वतःची केबिन आली तेव्हा ट्रक शेवटच्या वळणावर अडकला, मागेही जाता येईना, आणि क्रेन 10 टनाची आहे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. पण क्रेनची ती ताकद बूम, म्हणजे तिचा लांब हात, अगदी जवळ असताना असते, बूम लांब काढली की तीच क्रेन त्यातला थोडासाच भार उचलते, आणि आमचा चौथरा तिच्यापासून बराच लांब होता. केबिन रात्रभर रस्त्यावर ताडपत्रीखाली होती आणि मला झोप लागली नाही. तेव्हा क्रेनवाल्याला किती टनाची एवढंच विचारू नका, इतक्या फुटांवर इतकं वजन उचलेल का असं विचारा.

परवानगीचं थोडक्यात सांगते. विकणारे सर्रास म्हणतात की ही हलवता येते, याला काही लागत नाही. शेतजमिनीवर राहायचं घर उभं करायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, खाली चाकं असली किंवा नट-बोल्टवर उभी असली तरी. तुमच्या भागातल्या बांधकाम परवानगीच्या ऑफिसात अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या.

आता पाया. केबिन हलकी आहे म्हणून चार दगडांवर ठेवली तरी चालते असं लोक म्हणतात, आणि हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. 50 मिलिमीटरचं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेली तयार भिंत, चौरस मीटरला 10-12 किलोच भरतं, म्हणजे हे घर खाली दबायची भीती कमी आणि वाऱ्याने उचललं जायची जास्त. हिशोब बघा ना, ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर ढोबळ मानाने 100 किलोचा जोर येतो. तुमचं छत 22 चौरस मीटर, म्हणजे 2 टनांच्या वर. छत बाहेर काढलेलं असेल तर वारा खालूनही घुसतो. म्हणून प्रत्येक खांबाला खाली लोखंडी बेस प्लेट आणि काँक्रीटमध्ये गाडलेले अँकर बोल्ट पाहिजेतच, वरून ड्रिल मारून बसवलेले दोन फास्टनर नकोत.

जमीन काळी असेल तर ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, भेगा पडतात त्या याच. केबिन तिच्यावर नुसती टेकवली तर एक कोपरा वर, एक खाली, मग दार घासायला लागतं आणि खिडकीची काच तडकते. फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन पक्क्या मुरमावर पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचे आखूड खांब, उभे करा. वर जमिनीपासून निदान दीड फूट मोकळं सोडा, हवा खेळते, वाळवी चढायला लागली तर दिसते आणि पाईप फुटला तर माणूस आत सरकून बघू शकतो.

केबिन यायच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी स्वतः तपासा, मिस्त्रीवर सोडू नका. पाण्याच्या नळीने सगळ्या पेडेस्टलची लेव्हल, आणि टेपने दोन्ही कर्ण. 20 बाय 12 ला कर्ण 23 फूट 4 इंचांच्या जवळ येतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे पाहिजेत. इंचभर फरक असला की बोल्टची भोकं जुळत नाहीत, मग माणसं गॅसकटरने भोकं मोठी करतात आणि तिथूनच गंज लागतो.

प्रश्न : जुना 20 फुटी शिपिंग कंटेनर स्वस्तात मिळतोय. त्यातच घर केलं तर?

करता येतं, पण आधी एका रिकाम्या कंटेनरमध्ये जाऊन हात पसरून उभे राहा. बाहेरून 8 फूट रुंद असला तरी आतून साधारण 7 फूट 8 इंच मिळतात आणि उंची 7 फूट 10 इंच. दोन्ही बाजूंना 2-2 इंच इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आणि वर बोर्ड लावला की 7 फुटांच्या थोडं वर उरतं, त्यात पलंग आडवा टाकला की चालायला जागा नाही.

कंटेनरचा भार चार कोपऱ्यांतून खाली जातो, त्याच्या कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पत्र्याच्या, भिंती त्याला ताठ ठेवतात. मोठी खिडकी कापायची तर कापलेल्या जागी चारही बाजूंनी चौकट वेल्ड करावी लागते, नाहीतर छत लवतं. हे धरून खर्च काढा, मग स्वस्त वाटतं का बघा. अजून एक, आतलं प्लायवूड बरेचदा कीटकनाशक लावलेलं असतं, त्याची नोंद दारावरच्या प्लेटवर असते. ते काढून टाका किंवा नीट सील करा, झोपायच्या खोलीत तसंच उघडं ठेवू नका.

उष्णतेचं म्हणाल तर पत्र्याला इन्सुलेशनशिवाय पर्याय नाही. सारख्या जाडीत पफ सगळ्यात चांगलं अडवतं, थर्माकोल आणि रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) त्याच्या मागे. पण आगीच्या बाबतीत उलटं आहे, थर्माकोल वितळतं, पफ जळताना विषारी धूर सोडतं, रॉकवूल मात्र जळत नाही. मी स्वयंपाकाच्या बाजूच्या भिंतीला रॉकवूलच घ्या म्हणेन, आणि पॅनल लागल्यावर त्याच्या जवळ वेल्डिंग अजिबात करू देऊ नका, एक ठिणगी आत गेली की बाहेरून दिसतही नाही. पैसे कमी असतील तर भिंतीपेक्षा छतावर घाला. छताच्या वर 6-8 इंच सोडून दुसरा पत्रा टाका, दोन्ही टोकं उघडी, म्हणजे ऊन वरचा पत्रा खातो आणि मधली गरम हवा निघून जाते.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या केबिनचं छत गळतंय. दर वर्षी सिलिकॉन मारतो, तरी तेच.

पहिलं हे बघा की ते खरंच गळतंय का. पाऊस नसतानाही पहाटे थेंब पडत असतील तर ती आतलीच वाफ आहे, श्वासाची, स्वयंपाकाची, ओल्या कपड्यांची. थंड पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. त्याला सिलिकॉनचा उपयोग नाही, इन्सुलेशनमधल्या फटी बुजवायला हव्यात आणि समोरासमोर दोन झरोके हवेत.

पावसातच गळत असेल तर शिडी लावून स्क्रू जवळून बघा. 20 फुटी लोखंडी पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिलिमीटर लांब होतो आणि रात्री परत आखडतो, रोज. हा सगळा ताण स्क्रूखालच्या काळ्या रबरी वॉशरवर येतो. स्क्रू जास्त आवळला असेल तर वॉशर बशीसारखा बाहेर फाकलेला दिसेल, कडेला बारीक चिरा, नखाने खरवडलं तर तुकडा हातात येईल. ढिला असेल तर बोटाने फिरतो. असे स्क्रू काढून एक साईज जाड स्क्रू नवीन वॉशरसकट लावा आणि वॉशर बसून किंचित दबला की थांबा. जोडाच्या जागी पत्र्यांच्या मधे ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, घाला, ती पत्र्याबरोबर ताणली जाते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तुम्ही वापरलं असेल तर ते खरवडून काढाच, ते पत्र्यावरचं जस्त खातं.

नवीन घेणाऱ्यांनी यातून एवढं करावं, की शेवटचा हप्ता पहिल्या जोरदार पावसानंतर द्यायचा असं ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं.

प्रश्न : जागेवर वीज नाही, नळ नाही. सोलर आणि पावसाचं पाणी यावर भागेल का?

दोघांचं साधं राहणं असेल तर भागू शकतं, पण आधी वापर लिहून काढा. छोटा फ्रिज दिवसाला साधारण 1 युनिट, साधा पंखा 10 तास चालला तर पाऊण युनिट, तोच कमी वॅटचा बीएलडीसी घेतला तर त्याच्या निम्म्याहून कमी. गीझर, इस्त्री सोलरवर धरू नका. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून 3 युनिट रोज हवे असतील तर एका दिवसासाठीसुद्धा 6 युनिटची बॅटरी लागते, ढगाळ दिवस धरले तर त्याच्या दुप्पट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीमध्ये बरीच कमी क्षमता पुरते.

पाण्याचा हिशोब सोपा, एक चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 22 चौरस मीटरच्या छतावर 10 मिलिमीटर पडला तर 220 लिटर, त्यातले 180 तरी टाकीत येतील. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते.

सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान 30 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. खड्डा घ्यायच्या आधी तिथे दोन फूट खणून पाणी भरा, ते जिरलं की परत भरा, आणि दुसऱ्यांदा किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर जागा बदला, ती जमीन पाणी पीत नाही.