लायब्ररीच्या बाईंबद्दल लिहायचंय, पण काय लिहू?

प्रश्न: गावातल्या शाळेत आमची लायब्ररी सांभाळणाऱ्या बाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, आता त्या गेल्या. आम्ही माजी विद्यार्थी त्यांच्यावर छोटी स्मरणिका काढतोय. पण ज्याने त्याने तेच लिहून पाठवलंय, बाई शांत होत्या, प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या. वाचून बाई डोळ्यांसमोर येतच नाहीत. त्यांना कधी पुरस्कार मिळाला नाही, कुठे नाव छापून आलं नाही. मग लिहायचं काय?
- एक माजी विद्यार्थिनी

उत्तर: स्मरणिका काढताय हे वाचूनच फार बरं वाटलं. वर्गावर शिकवणाऱ्यांच्या आठवणी निघतात, हेडमास्तरांचा फोटो भिंतीवर लागतो, लायब्ररीवाल्या माणसाची आठवण मात्र निरोप समारंभाबरोबर संपते, हे मला कायम खटकत आलंय.

तुमची अडचण अगदी खरी आहे, प्रेमळ हा शब्द कोणालाही चिकटवता येतो. म्हणून मी म्हणेन की लेख मागवणं जरा थांबवा, शाळेत जा, परवानगी घ्या आणि बाईंच्या हातचे कागद काढून बघा. ग्रंथपालाइतकं रोजच्या रोज स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारं माणूस शाळेत क्वचितच असतं, फक्त ते लिहिलेलं कोणी वाचायला जात नाही.

पहिलं मागा ते दाखल रजिस्टर. लायब्ररीत आलेलं प्रत्येक पुस्तक त्यात एकेका ओळीत चढतं, तारीख, दाखल नंबर, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, कुठून आलं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, त्यात हरवलं, फाटलं, बाद केलं असं काय काय. ते नुसतं चाळू नका, सलग वाचा. एखाद्या वर्षी पानंच्या पानं भरलेली दिसतील, एखाद्या वर्षी चारच ओळी. आणि पैसे नसलेल्या त्या वर्षात ‘भेट’ असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडलं तर समजा की बहुतेक कोणीतरी दारोदार जाऊन पुस्तकं मागितलीयत. देणाऱ्यांची नावं असतील तर त्या घरी जाऊन विचारा, कोण आलं होतं, काय म्हणालं.

मग पुस्तकं हातात घ्या. आत तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, शिक्के मारून मारून भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची, त्यावर तिसरी. जिथे असा जाड थर दिसेल ते पुस्तक मुलांच्या हातात सतत फिरत होतं. आणि दुरुस्ती बघा, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. सेलोटेप काही वर्षांनी पिवळी पडते, तिचा गोंद कागदात उतरून डाग धरतो आणि शेवटी टेप निघून येते पण डाग राहतो, म्हणून जाणती माणसं फाटलेलं पान खळ लावून पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची, सुटलेली पानं दोऱ्याने शिवायची, पाठीला कापड लावायची. असं एखादं पुस्तक सापडलं तर त्याचा जवळून फोटो काढा आणि स्मरणिकेत पानभर छापा.

पाठीवरचे नंबरही पाहून ठेवा. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने पुस्तकांना विषयावरून नंबर द्यायची जी दशांश पद्धत १८७६ साली काढली, तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा येतो. छोट्या शाळेत बरेचदा इतकं काटेकोर काही नसतं, बाईंनी स्वतःची अशी काही वेगळी मांडणी केली असेल, लहान मुलांचं खाली, मोठ्यांचं वर वगैरे. तसं असेल तर ती कशी होती हे आठवणाऱ्याकडून नक्की लिहून घ्या, कारण कपाटं हलली की ती मांडणी गेली.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आपल्याकडचे थोर ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वाचायला सोपं आहे हो, पण ज्या माणसाला साठा तपासणीत कमी भरलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब द्यायचा असतो त्याला कपाट उघडं टाकणं सोपं नसतं, त्यामुळे कितीतरी शाळांत पुस्तकं कुलपातच म्हातारी झाली. तुमच्या बाई कपाट उघडून मुलांना आत हात घालू देत होत्या का? पुस्तक हरवल्यावर त्या काय करायच्या, भरून घ्यायच्या की स्वतः भरायच्या? याचं उत्तर मिळालं की बाई कळतील. आणि त्या कुलूप लावून बसत असतील तर तेही लिहा, का लावत होत्या ते समजून घेऊन लिहा. खोटी सजावट केली की माणूस पुन्हा हरवतो.

माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पाठवा: बाईंनी तुला दिलेलं एक पुस्तक कोणतं आणि देताना त्या काय बोलल्या? न वाचणाऱ्या मुलांनाही विचारा, शिपाईकाकांना विचारा. घरच्यांनाही विचारा, कारण गावात शाळेतून एक पुस्तक घरी गेलं की बरेचदा मुलाआधी ते दुसऱ्याच कोणीतरी वाचून काढलेलं असतं.

एक विनंती, देवघेवीच्या वहीत कोणी काय वाचलं हे नावानिशी असतं. ते त्या त्या माणसाला विचारल्याशिवाय छापू नका. बाईंनी ते कोणाला सांगितलं नसणार.

प्रश्न: माझे बाबा शाळेतले ग्रंथपाल, आता रिटायर आहेत, वय झालंय. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात पण विचारलं की म्हणतात, त्यात काय सांगायचंय, पुस्तकं दिली, पुस्तकं घेतली. काय करू?
- एक मुलगा

उत्तर: "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलं की कोणीही गप्पच बसेल. बाबांच्या हातात एक फाटकं पुस्तक द्या आणि विचारा, हे कसं दुरुस्त करायचं? हात चालायला लागले की बोलणंही सुरू होतं. कसर लागली की काय करायचात, पावसाळ्यात कपाटाचं काय, पहिल्या दिवशी चावी कोणी दिली, असे बारीक प्रश्न विचारा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त ठळक असतात असं स्मृतीवर अभ्यास करणारे सांगतात, तेव्हा नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून सुरुवात करा, निरोप समारंभापासून नको. त्यांना सांगून मगच फोनवर रेकॉर्ड करा, ते थकायच्या आत थांबा, आणि साल चुकलं तर मधेच दुरुस्त करू नका, नंतर कागद बघून जुळवता येतं. प्रत्येक फाइलला तारीख आणि विषय द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. आणि उशीर करू नका, खरंच सांगते.

प्रश्न: शाळेच्या लायब्ररीचं सगळं कॉम्प्युटरवर झालं, आधीच्या ग्रंथपाल सरांनी हाताने लिहिलेली पुस्तकांच्या यादीची कार्डं रद्दीत काढायची म्हणतायत. ठेवण्यात अर्थ आहे का?
- एक शिक्षिका

उत्तर: आहे, ठेवा. साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरची ती कार्डं फार जागा खात नाहीत. रद्दीत काढण्याआधी एकदा सरांच्या घरच्यांना तरी विचारा, कदाचित तेच घेऊन जातील. सगळी ठेवणं जमणारच नसेल तर क्रमाने फोटो काढा आणि निदान एक खण अख्खा ठेवा, निवडक कार्डं नकोत, कारण क्रम लागलेला असला की सर काम कसं करायचे ते कळतं. पेटी ओल्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, रबरबँड लावू नका, ते वितळून कागदाला चिकटतात. आत एक चिठ्ठी टाका, कार्डं कोणी लिहिली आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची आहेत.