शाळेतलं ग्रंथालय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते सातवीला आठवड्यातून एकदा ग्रंथालयाचा तास असतो, ३५ मिनिटांचा. वर्गात ४२ मुलं. पुस्तकं घेण्या-देण्यातच वेळ जातो. शिकवायचं कधी, आणि काय?
– ग्रंथपाल, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: हिशेब करून पाहा. एका मुलाच्या नोंदीला अर्धं मिनिट धरलं तरी ४२ मुलांना २१ मिनिटं लागतात. म्हणून देवघेव तासाबाहेर काढा. पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड ठेवा. मुलाने मधल्या सुट्टीत त्यावर हजेरी क्रमांक आणि तारीख लिहून ते डब्यात टाकायचं. शिक्का तुम्ही नंतर सावकाश मारा. पुस्तक परत आलं की कार्ड खिशात घालायचं काम दर महिन्याला दोन मुलांकडे द्या.

परत आलेली पुस्तकं लगेच रॅकवर लावू नका, तेच तुमचं शिकवण्याचं साहित्य. सहा-सहा मुलांचे सात गट करा आणि प्रत्येक गटाला सहा पुस्तकं देऊन पाठीवरच्या क्रमांकाप्रमाणे लावायला सांगा. वेळ पाच मिनिटं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, गुजराती ८९१.४७ आणि हिंदी ८९१.४३, एवढं मुलं पटकन लावतात. घोटाळा होतो तो ३९८.२ आणि ३९८.१५ समोर आले की. दोनपेक्षा पंधरा मोठे, म्हणून मुलं ३९८.२ आधी लावतात, खरं तर ३९८.१५ आधी हवा. याला बरेचदा आपलं बोलणंच कारणीभूत असतं. ‘पॉइंट पंधरा’ म्हणू नका, ‘पॉइंट एक पाच’ म्हणा. दोन्ही क्रमांक फळ्यावर दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह येईल असे लिहा आणि एकेक अंक ताडून पाहायला लावा.

पुढचे दोन तास कोशाला द्या. मुळाक्षरं पाठ आहेत म्हणजे शब्द सापडेल, हा मोठ्यांचा गैरसमज आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’पासून सुरू होतो, म्हणजे अनुस्वाराचं अक्षर साध्या अक्षराच्या आधी. जोडाक्षरं येतात बाराखडी संपल्यावर. कंस, कप, काच, कौल, क्रम हे पाच शब्द चिठ्ठ्यांवर उलटसुलट देऊन बघा. बहुतेक गट ‘क्रम’ला ‘कप’च्या शेजारी बसवतील. शिवाय मुळाक्षरांच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात, पण अनेक कोशांत क्ष हा क च्या पोटात आणि ज्ञ हा ज च्या पोटात असतो. कोश हातात आला की आधी हे दोन तपासायची सवय लावा.

प्रश्न: प्रकल्प आला की मुलं नेटवरून पानं छापून आणतात. शिक्षक म्हणतात, ग्रंथपालांनीच माहिती काढून द्यावी.
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: माहिती काढून देऊ नका. दोष बहुतेकदा विषयात असतो. ‘मगर’ असा विषय दिला की छापील पानच येणार. त्याचा प्रश्न करा: विश्वामित्री नदीतल्या मगरी पावसाळ्यात वस्तीत का शिरतात? याचं उत्तर आयतं एका पानावर मिळत नाही. मुलाला मगरीविषयीचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कात्रण आणि शहराचा नकाशा एकत्र पाहावे लागतात.

मग प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढ्या पाच कार्डशीट द्या. एका कार्डावर एकच मुद्दा, मागे पुस्तकाचं नाव आणि पान. लिहिताना पुस्तक मिटलेलं हवं, कारण उघडं असलं की वाक्यं तशीच्या तशी उतरतात. अंक आणि नावं मात्र शेवटी पुस्तक उघडून ताडून घ्यायची. विषयशिक्षकांशी बोलून २० पैकी पाच गुण या कार्डांना ठेवून घ्या. गुण नसतील तर दुसऱ्या प्रकल्पापासून कार्डं गायब होतात.

प्रश्न: मी वाणिज्य पदवीधर आहे. शाळेने ग्रंथालय माझ्याकडे दिलंय. कोणतं प्रशिक्षण घ्यावं?
– वाचक, मांजलपूर

उत्तर: पदवीनंतरचा एक वर्षाचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम. महाराजा सयाजीराव विद्यापीठात तो विभाग आहे. नोकरी सांभाळून करायचा तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) तिथे नीट शिकाल, पण ४० मुलांसमोर उभं राहून शिकवणं त्यात फारसं येत नाही. त्यासाठी भाषेच्या शिक्षकांच्या तासाला महिनाभर मागच्या बाकावर बसा. बी.एड. असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी अडून बसू नका. जाता जाता: सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं आणि १९११ मध्ये भारतातला पहिला ग्रंथपाल प्रशिक्षण वर्ग याच शहरात भरला. त्या मानाने आज शहरातल्या कितीतरी शाळांत ग्रंथालयाची किल्ली ज्यांचे तास कमी पडतात त्यांच्याकडे जाते, हे खटकतं.

प्रश्न: ग्रंथालयासाठी वेगळी खोलीच नाही. काय करता येईल?
– शिक्षिका, वाडी

उत्तर: बडोदा संस्थानात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. तेच वर्गांसाठी करा. पत्र्याची एक पेटी, त्यात वर्गाच्या पटापेक्षा पाच जास्त पुस्तकं, म्हणजे उशिरा आलेल्यालाही निवड राहते. झाकणाच्या आत यादी चिकटवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलांनीच यादी वाचून पुस्तकं मोजायची आणि पेटी शेजारच्या वर्गात सरकवायची. पावसाळ्यात पेटीखाली विटा आणि आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, पण पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर त्याचीच बुरशी पानांना लागते. आणि कुलूप लावू नका. किल्ली ज्या बाईंकडे असते, नेमक्या त्याच त्या दिवशी रजेवर असतात.