साडेपाच किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर गिझरच्या जुन्या सॉकेटवर लावला तर चालेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ऑनलाइन मागवलेला साडेपाच किलोवॅटचा शॉवर न्हाणीतल्या गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर जोडता येईल का, ही एक. आणि गावातले वायरमन “अर्थिंगची काही गरज नाही” असे म्हणतात ते खरे आहे का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर एका ओळीत संपते. साडेपाच हजार वॅटला २३० व्होल्टने भागले की जवळजवळ २४ अँपिअर येतात. १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यामागची अडीच चौरस मिलिमीटरची वायर त्यासाठी नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडली आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो आणि निवृत्तीपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत होतो. २०१९ साली आम्ही न्हाणी नव्याने बांधली आणि तीत ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर बसवला. वायरिंगचे काम माझ्या थोरल्या मेहुण्यांनी केले, कारण ते आमच्या पंचक्रोशीत हेच काम करतात आणि घरचा माणूस असताना बाहेरचा वायरमन बोलावणे आमच्याकडे अपमानाचे समजले जाते. मी यवतमाळहून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी स्वतः आणून दिली होती. तिचे काम साधे आहे: फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत उतरत आहे असे समजून ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडते.

आरसीसीबी बसवली आणि गिझर लावला की ती पडू लागली, म्हणजे आपोआप बंद होऊ लागली. पंखा चालू असताना ती टिकायची, गिझरचे बटण दाबताच खटकन पडायची. मेहुणे दोन दिवस हैराण झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, “हे यंत्र आपल्या इकडच्या लाईनले चालत नाही, मास्तर. हे पडतच राहीन.” त्यांनी ती काढून माझ्या हातात ठेवली. मी विरोध केला तेव्हा “दोनशे घरं केली म्या, काही नाही होत” असे ऐकवले, आणि घरातले सगळे त्यांच्याच बाजूने बोलले. मी पुस्तकी ठरलो. अर्थिंगचे विचारले तेव्हा त्यांनी सॉकेटमध्ये शंभरचा बल्ब फेज आणि अर्थच्या छिद्रांत लावून दाखवला. तो लख्ख पेटला, आणि माझे तोंड बंद झाले.

तो बल्ब का पेटला होता हे मला पुढे कळले. आमच्या घराला अर्थिंगचा, म्हणजे गळालेली वीज जमिनीत उतरवणारा, खड्डा नव्हताच. मेहुण्यांनी सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा तुकडा जोडून दिला होता. त्यामुळे बल्ब प्रत्यक्षात फेज आणि न्यूट्रलवरच पेटत होता, आणि हे मला, विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला, त्या क्षणी ओळखता आले नाही याची लाज आजही वाटते. आरसीसीबी पडण्याचे कारणही तोच तुकडा होता. गिझरच्या न्यूट्रलमधून परत निघालेल्या विजेचा थोडा हिस्सा त्या तुकड्यातून गिझरच्या अंगावर, तिथून लोखंडी पाइपावर आणि पाइपावरून जमिनीत जात होता, म्हणून यंत्राला हिशेब जुळत नव्हता. यंत्र खरे बोलत होते आणि आम्ही त्यालाच घराबाहेर काढले.

डिसेंबरात एका सकाळी आई अंघोळीला गेली असताना घरातले दिवे एकदम मंदावले. रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत आमच्याकडे व्होल्टेज पडणे नवे नाही, त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही. वास्तविक मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन जळाला होता आणि वीज परत जायला वाट उरली नव्हती. गिझर चालूच होता. त्याची वीज त्या तुकड्यातून गिझरच्या अंगावर आणि नळावर आली आणि पाइपाच्या वाटेने जशी जमेल तशी जमिनीत उतरू लागली. आईने नळाला हात लावला आणि तो तिथेच आखडला. माझ्या पत्नीने आईला ओढण्याऐवजी ओसरीत धावत जाऊन मेन स्विच खाली केला, म्हणून आई आज आहे. सासूला हात लावायला धावली असती तर दोघीही गेल्या असत्या. आईचा हात दोन दिवस बधिर होता. तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला.

मेहुण्यांचे म्हणणे असे, की आईचे हात ओले होते म्हणून झटका बसला. न्हाणीत माणूस कोरड्या हाताने कसा जाणार, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की अर्थिंगची गरज नाही असे म्हणणाऱ्या माणसाला घरात काम करू देऊ नका, तो नात्यातला असेल तर मुळीच नको. अर्थिंगसाठी सुमारे अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप भिंतीपासून किमान दीड मीटर दूर पुरावा, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरावे आणि वर पाणी ओतायला तोंड ठेवावे. आपली काळी जमीन ओली असताना अर्थिंगला उत्तम असते, परंतु उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि माती पाइपाला सोडते, म्हणून न्हाणीचे पाणी वाहते तिथेच खड्डा घ्यावा. आणि चांगला खड्डा झाला म्हणून आरसीसीबी टाळू नये. खड्ड्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २० ओम निघाला तर फेज गिझरच्या अंगावर आल्यावरही जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. तेवढ्याने ३२ अँपिअरची एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाइतकी वीजही पुरे होते.

शॉवरविषयी थोडे. तो लावायचाच असेल तर मेन बोर्डापासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तेवढ्याच काळजीने ओढलेली अर्थची वायर, ३२ अँपिअरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी) एमसीबी, ३० मिलिअँपिअरची ४० अँपिअर क्षमतेची आरसीसीबी आणि न्हाणीच्या बाहेर ३२ अँपिअरचा डीपी स्विच लागेल. (इथे डीपी म्हणजे डबल पोल, गावाबाहेरची ट्रान्सफॉर्मरची डीपी नव्हे, आमच्या दुकानदाराचा हा गोंधळ झाला होता.) प्लग आणि सॉकेट या कामात नकोतच. आपल्या मीटरवर ५-३० अँपिअर असे छापलेले असेल, तर २४ अँपिअर एकटा शॉवरच खाणार आणि मोटर लावली की सीमा ओलांडणार. बिलावरचा मंजूर भारही आधी पाहावा.

आपण बोअरचे पाणी खारे असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे त्या शॉवरमधली कॉइल उघडी आहे की धातूच्या नळीत बंद आहे हे तपासा. काही शॉवरमध्ये तापणारी तार थेट पाण्यात असते, आणि खारे पाणी वीज अधिक वाहून नेत असल्याने अशा शॉवरवर आरसीसीबी वारंवार पडू शकते. तशी ती पडली तर ती काढून टाकू नका, शॉवर काढून टाका. माझ्या मते खेड्यातल्या घराला १५ लिटरचा २ किलोवॅटचा साठवणीचा गिझर पुष्कळ झाला, तो ९ अँपिअरच्या आत चालतो. शिवाय व्होल्टेज १८०वर आले की आपल्या साडेपाच किलोवॅटचे साडेतीनपेक्षाही कमीच उरतील आणि वाहते पाणी कोमटच येईल; साठवणीच्या गिझरला तेवढा वेळ जास्त लागेल, एवढेच.

हेही सांगायला हवे, की मी परवानाधारक वायरमन नाही. वर दिलेली मापे आपल्या घरातले अंतर आणि जुने वायरिंग पाहून परवाना असलेल्या माणसाने पक्की करावीत आणि खड्ड्याचा रोध बल्बने नव्हे, अर्थ टेस्टरने मोजावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीही वाचवत नाही. तिचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

वायरमन येण्यापूर्वी मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, सध्याच्या गिझरचा सॉकेट एकदा उघडून पाहा. आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये बोटभर वायर दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. मी काढला नाही. मेहुण्यांचे म्हणणे आता असे आहे, की तो तुकडा त्यांनी जोडलेलाच नव्हता; आणि त्या सॉकेटला त्यांच्याशिवाय आमच्या घरात कोणी कधी हात लावलेला नाही.