जुन्या एअर पिस्तुलाचा रास्त भाव

तुमसर

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, काकू विकायला काढताहेत त्या जुन्या एअर पिस्तुलाचे फोनवरचे फोटोही पाहिले. फोटोवरून भाव सांगा म्हणतोस. तेवढं मी करणार नाही, आणि दुसरा कोणी करत असेल तर त्याचंही मनावर घेऊ नको. भाव कसा काढायचा ते मात्र सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं. काकूंना किती दिले म्हणजे रास्त होईल, असं तू विचारलंस. कितीत पटवता येईल, असं विचारणारे मला नेहमीच भेटतात.

काकूंचे सासरे माइन्सवर कारकून होते म्हणतोस, ते पटण्यासारखं आहे. आपल्याकडचं मँगनीज १८९६ पासून ब्रिटिश कंपनीच्या हाती होतं, सरकारचा वाटा असलेली मॉइल ही खाण कंपनी झाली ती १९६२ साली. चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर या पट्ट्यात साहेबलोकांचं बरंच सामान मागे राहिलं, आणि जुन्या घरांतून ते अजूनही अधूनमधून निघतं. पण सासरे माइन्सवर होते एवढ्यावरून पिस्तूल साहेबाचं ठरत नाही, आणि खरंच साहेबाचं असलं तरी कागद नसेल तर त्या गोष्टीचे वेगळे पैसे मोजायचे नाहीत. कागद असला म्हणजे काय होतं ते पाहा. जेम्स बाँडच्या एका प्रसिद्धीच्या फोटोसाठी ठरलेलं पिस्तूल आणायचंच राहून गेलं, तेव्हा छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी स्वतःचं वॉल्थर एलपी ५३ हे एअर पिस्तूल शॉन कॉनरीच्या हातात दिलं. ते पिस्तूल २०१० मध्ये लंडनच्या क्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेलं. त्याच बनावटीच्या साध्या एलपी ५३ला याचा शंभरावा हिस्साही मिळत नाही. तिथे फोटो होता आणि फोटो काढणारा माणूस स्वतः सांगायला होता. काकूंकडे सासऱ्यांच्या नावाची पावती, पत्र, जुना फोटो असं काही असेल तर ते जपून ठेवायला सांग. नसेल तर गोष्ट आदराने ऐकून घे आणि भाव वस्तूचाच कर.

आता वस्तू. फोटोत नळी वर आणि सिलिंडर तिच्या खाली दिसतं, म्हणजे घाट वेब्लीचा आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने पहिलं एअर पिस्तूल १९२४ साली काढलं. पुढची मॉडेलं म्हणजे ज्युनियर १९२९चं, सीनियर १९३०चं. प्रीमियर १९६४ साली आलं, हरिकेन १९७५ला आणि टेम्पेस्ट १९७९ला. पन्नासेक वर्षं घाट जवळपास तोच राहिल्यामुळे टेम्पेस्टला सीनियरचा भाव सांगणारे खूप भेटतात. त्यातच बर्मिंगहॅमचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि पुढे तुर्कस्तानात बनलेल्या मालावर हेच नाव येऊ लागलं. त्यामुळे नुसतं ‘वेब्ली’ वाचून हुरळून जाऊ नको. मॉडेलचं नाव, कॅलिबर म्हणजे नळीचं आतलं माप, आणि गावाचं नाव, तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाच. पुठ्ठ्याचा मूळ डबा निघाला तर त्यावरचा पत्ताही लिहून घे. वीमन स्ट्रीट हा जुना पत्ता, हँड्सवर्थ हा नंतरचा.

सगळ्यात जास्त वेळ पृष्ठभागाला दे. भाव तिथेच ठरतो, आणि आपल्याकडे वस्तूची खराबीही तिथेच होते. आमच्या झाडीपट्टीत चार महिने हवेत ओल असते. त्यात पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून धानाच्या कोठीमागे ठेवलेलं असतं. चामडं ओल धरतं आणि लोखंड खाऊन टाकतं. वऱ्हाडाकडून आलेल्या नगांवर गंज कमी, पण मे महिन्याच्या उन्हाने मुठीचं लाकूड तडकलेलं असतं. हा दोष मला गंजापेक्षा बरा वाटतो, कारण तडा तिथेच थांबतो.

गंज चढला की घरातल्या कोणाला तरी ते चकाचक करायची हुक्की येते. कोणी बफ मारून आणतो, कोणी गाडीच्या पार्टला करतात तसं निकेल करून आणतो, कोणी नवा निळा रंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर काळा थर, चढवतो. घरच्यांना वाटतं किंमत वाढली, पण खरं तर ती निम्म्यावर आलेली असते. मी निम्मीच धरतो, जास्त नाही. झिजलेला मूळ रंग हा त्या पिस्तुलाच्या वयाचा पुरावा आहे आणि तो एकदा घासून काढला की जगातला कोणताही कारागीर परत आणून देऊ शकत नाही. म्हणून चकचकीत नग पाहिला की भिंग काढ आणि कोरलेली अक्षरं पाहा. मूळ अक्षराची कड धारदार असते, नख फिरवलं तर अडतं. बफ मारलेल्या अक्षराची कड गोल होते, उथळ भाग पुसला जातो आणि वेब्लीची ती पंखवाल्या गोळीची छाप एका बाजूने फिकी दिसते. मग गंजाचे बारीक खड्डे शोध. खड्ड्याच्या तळाशी निळा रंग दिसला तर आधी गंज चढला आणि मागाहून रंग दिला, यात शंका नाही. मूळ रंग जिथे हात लागतो तिथूनच उडतो. नळीच्या तोंडाशी, कडांवर, खिट्टीभोवती तो तपकिरी झालेला असला पाहिजे. जुन्या नगावर सगळीकडे सारखाच काळाभोर रंग असेल तर विचार, कोणी केला.

स्क्रूही पाहा. मूळ स्क्रूची खाच बारीक आणि सरळ असते. ती कुरतडलेली असेल तर कोणीतरी अंदाजाच्या पेचकसाने आत हात घातला आहे. काकूंनी परवानगी दिली तर मुठीच्या पट्ट्या काढून खालचं लोखंड पाहा, वरून देखण्या नगाचा सगळा गंज तिथे लपलेला असतो. पण बरोबर बसणारा पेचकस नसेल तर हात लावू नको.

चालतं की नाही, याला लोक फार महत्त्व देतात. मी देत नाही. स्प्रिंग थकते, वॉशर सुकतो, हे झिजायचेच भाग आहेत. ज्यात चामड्याचा वॉशर असतो, त्यातला पुष्कळदा नुसत्या तेलाने परत धरतो. दुरुस्तीला लागेल तेवढा खर्च भावातून वजा कर आणि पुढे जा. जुना काढलेला भाग डब्यात जपलेला असेल तर तेवढंही वजा करू नको. मात्र वेब्ली उघडताना जप. मागची खिट्टी दाबून नळी वर उचलून पुढे न्यायची असते, आणि अर्ध्यात सुटली तर ती झटक्याने परत येते, बोटाचं हाड मोडेल इतकी. आत छर्रा नाही याची खात्री करूनच उचल, आणि छर्रा न घालता चाप ओढू नको.

दुसरे दोन प्रकार तुझ्यासमोर येतील म्हणून थोडक्यात लिहितो. फाइनवर्कबाऊ ६५ हे १९६५पासूनचं जर्मन स्पर्धेचं पिस्तूल, बाजूच्या दांड्याने ताणायचं. ते नेमबाजाने वापरलेलं असतं, त्यामुळे लाकडी मूठ कोणाच्या तरी हाताच्या मापाने तासलेली किंवा लांबी (पुटी) भरून वाढवलेली असते. तशी मूठ असेल तर भाव उतरतो. डायना ६मध्ये दोन पिस्टन एकमेकांविरुद्ध चालतात आणि त्यातली जुनी प्लास्टिकची सीलं कुजून मेणचट चुरा होतो. ती बदलणारा कारागीर आधी शोध, मग भाव बोल.

आता आकडा. परदेशी जाहिरातीतले पौंड रुपयांत करून तू जो भाव काढलास तो बाजूला ठेव. जाहिरातीतला भाव म्हणजे मालकाची इच्छा. खरेदी झाली तोच भाव, आणि लिलावघरं झालेल्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. त्यातले तुझ्याच मॉडेलचे, त्याच काळातले, त्याच कॅलिबरचे पाच-सहा आकडे काढ. फार वरचा आणि फार खालचा सोडून दे. उरलेल्यांत चांगल्या, मूळ रंगाच्या नगाला जो भाव मिळाला तो शंभर धर. काकूंच्या नगाचा मूळ रंग निम्माच उरला असेल तर साठ धर. नेम धरायचा मागचा साइट बदललेला असेल तर पन्नास. रंग नवा चढवलेला असेल तर बाकी सगळं ठीक असूनही पन्नासच्या वर जाऊ नको. मूळ डबा आणि माहितीपत्रक असेल तर वर तिसरा हिस्सा आनंदाने दे, पुठ्ठा इतकी वर्षं टिकत नाही. आणि मग एक गोष्ट लक्षात घे. बर्मिंगहॅममध्ये विकलेल्या पिस्तुलाला दहा गिऱ्हाइकं आणि कोपऱ्यावर सुटे भाग मिळतात. नागपुरात गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागेल. म्हणून आलेल्या आकड्यातून मी आणखी काही उतरवतो, पण ते उतरवणं काकूंसमोर बोलून करतो.

कारण रास्त भाव मी त्यालाच म्हणतो, जो कसा काढला हे विकणाऱ्याला पूर्ण सांगूनही तो विकायला तयार असतो. काकूंना वाटतं हे जुनं लोखंड आहे. नागपूरचा माणूस येऊन गेला आणि भंगारापेक्षा जरा जास्त बोलला, तर त्यांना ते खूप वाटलं, असं तू लिहितोस. धानाचे पैसे अडकले की घरात दोन हजारही मोठे वाटतात, हे त्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. तू झालेल्या विक्रीचे आकडे कागदावर लिहून ने. त्यांच्या मुलाला बसवून वाचून दाखव, काय वजा केलं आणि का केलं ते सांग. स्वतःसाठी घेणार असशील तर निघालेला आकडा पूर्ण दे. पुढे विकायला घेणार असशील तर चौथा हिस्सा तुझा, आणि तोही आधी सांगून. एवढं ऐकून त्या म्हणाल्या की विकायचं नाही, तर चहा घेऊन परत ये. व्यवहार झाला तर दोघांच्या सहीचा कागद कर, त्यात मॉडेल, कॅलिबर, अंगावरचा नंबर, रक्कम, तारीख सगळं असू दे.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी आहे, आणि तिच्यात गफलत चालणार नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. वेब्लीची ताकद तेवढी नसते, पण सीनियर .१७७मध्येही निघालं आणि .२२मध्येही, आणि त्याच्या नळ्या बदलता येतात. .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटर. नळीवरचा आकडा वाच, पण त्यावर थांबू नको. ४.५चा छर्रा मागच्या तोंडात ठेव. घट्ट बसला तर ठीक. सैल घसरून आत गेला तर नळी ५.५ची आहे. मग भावाचं बोलूच नको, एक रुपयाही देऊ नको, आणि घरी तर मुळीच आणू नको. काकूंच्या मुलाला घेऊन आधी ठाण्यात आणि कलेक्टर ऑफिसच्या परवाना शाखेत विचारायला जायचं, त्याला मीही येईन. डब्यात जास्तीची नळी निघाली तर तिचंही माप असंच घे.

रविवारी जाशील तेव्हा उजेड असताना जा, पिस्तूल अंगणात आणून पाहा. भिंग, मऊ कापड आणि ४.५चे दोन छर्रे खिशात ठेव. छर्रा बसला की घसरला, तेवढं मला त्याच संध्याकाळी कळव. अक्षरांचे फोटो तिरप्या उन्हात, अगदी जवळून काढ. आणि नागपूरच्या माणसाने विसार देऊन ठेवला आहे का, हे काकूंना सगळ्यात आधी विचार. दिला असेल तर त्याचा व्यवहार मोडेपर्यंत आपण भाव बोलायचा नाही.

तुझा,
काका