बेळगावात राहून चार दिवसांच्या ग्रॅव्हल (खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरील) सायकल शर्यतीची तयारी बारा आठवड्यांत कशी करावी?

बारा आठवडे पुरेसे आहेत, मात्र सारा भर एकाच लांब फेरीवर देऊ नये. खरी कसोटी थकलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसण्याची असते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत जाऊन यावे आणि रविवारी, पाय जड असतानाच, येळ्ळूरचा राजहंसगड चढून भोवतालच्या शेतवाटांवर दोन-तीन तास सायकल चालवावी. खानापूरकडील जांभ्याच्या सैल खड्यांवर वळणे घेण्याचा सराव होतो, आणि माझ्या मते तो वेगापेक्षाही मोलाचा आहे. टायर ट्यूबलेस व किमान ४० मिलिमीटर रुंद असावेत.

आहाराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, याची मला मनापासून खंत वाटते. दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटाला सोसायला हवीत, आणि ती सवय सरावातच लावावी लागते. मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅमच मिळतात, तेव्हा सोबत गूळ किंवा साखर-मिठाचे पाणी ठेवावे. टप्पा संपल्यावर भूक नसली तरी अर्ध्या तासात दहीभात खावा. शेवटचे दहा दिवस सरावाचे अंतर निम्म्यावर आणावे आणि नवे बूट, नवी सीट यांचा प्रयोग त्या काळात अजिबात करू नये.