वाचकांचे प्रश्न : आपलंच जुनं शहर, बस आणि ट्रामने

प्रश्न : आम्ही सहा मित्रमैत्रिणी जन्मापासून एकाच जुन्या शहरात राहतो. तटाची भिंत, जुना बाजार, देवळं, सगळं रोज बसच्या खिडकीतून दिसतं, पण तिथे उतरणं काही झालेलं नाही. एक पूर्ण दिवस काढून सार्वजनिक वाहनांनी शहर पाहायचं ठरवलंय. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी ठिकाणांची यादी करू नका, मार्ग निवडा. यादी घेऊन निघालं की प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी गाडी पकडावी लागते. चार वेळा गाडी बदलायची आणि दर वेळी दहा मिनिटं वाट पाहणं, पाच मिनिटं चालणं धरलं, तर एक तास थांब्यांवरच गेला. त्यापेक्षा जुन्या गाभ्यातून आरपार जाणारा एकच मार्ग घ्या आणि त्यावर तीन ठिकाणी उतरा. प्रत्येक ठिकाणी दीड तास ठेवा. चौथं ठिकाण कितीही मोह झाला तरी घेऊ नका.

असा मार्ग बहुतेक जुन्या शहरांत सापडतो, कारण इमारती पडतात, नव्या उभ्या राहतात, पण रस्त्याची रेघ सहसा हलत नाही. इस्तंबूलची टी-१ ट्राम सुलतानअहमद भागात ज्या दिवानयोलू रस्त्याने जाते, तो बायझंटाइन काळातल्या, म्हणजे शहर पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी असतानाच्या, मेसे या राजरस्त्याच्याच रेषेवर आहे. व्हिएन्नात उलटं घडलं. तिथला तट पाडायचा हुकूम १८५७ मध्ये निघाला, त्या जागी रिंगश्ट्रास हा रुंद रस्ता झाला आणि आज त्यावरून ट्राम धावतात. १ आणि २ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसलं की नाहीशा झालेल्या तटाभोवती फिरणं होतं. मात्र एकाच ट्रामने पूर्ण फेरी होत नाही, मध्ये बदलावी लागते.

आपल्या शहराचा असा मार्ग शोधायला वाहतुकीचा नकाशा आणि एखादा जुना नकाशा शेजारी ठेवा. थांब्यांची नावं मोठ्याने वाचा. दरवाजा, खंदक, पूल, तळं असं काही नावात असेल आणि जागेवर ते नसेल, तर खूण करा. लंडनच्या मूरगेट आणि ऑल्डगेट स्थानकांजवळ दरवाजे कुठे आहेत? अठराव्या शतकातच ते पाडले गेले, नावं मात्र राहिली.

सकाळी न उतरता थेट दूरच्या टोकापर्यंत जा आणि बघायला परतीच्या वाटेवर उतरा. जाताना सगळ्यांना पूर्ण रेषा एकदा दिसते, आणि दमाल तेव्हा घराच्या जवळ आलेले असाल. निघण्याआधी तिन्ही ठिकाणांचा साप्ताहिक सुट्टीचा वार मात्र तपासा. ठरलेला दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा बंद दारापुढे.

प्रश्न : मागच्या वेळी ॲपवर बस आठ मिनिटांत दाखवत होती. आली पंचवीस मिनिटांनी, आणि तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी. गर्दीत तिघं चढले, तिघं राहिले. नंतर एकमेकांना शोधण्यात तास गेला.

उत्तर : दोन बस एकामागोमाग येणं हा योगायोग नसतो. एखादी बस थोडी उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साठलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या बसला मात्र माणसं कमी मिळतात, म्हणून ती पुढे सरकते आणि अखेर पहिलीला गाठते. मार्गाच्या मध्यावर हे जास्त होतं, सुरुवातीच्या थांब्यावर कमी. म्हणून जमेल तिथे पहिल्या थांब्यावरूनच बसा, सहा जागाही मिळतील. ॲपमधली वेळ गाडीच्या प्रत्यक्ष जागेवरून येते की फक्त वेळापत्रकातून, हेही पाहून ठेवा. वेळापत्रकातली असेल तर अडकलेली बसही वेळेवरच दिसत राहते.

चुकामुकीचा नियम घरीच ठरवा : चढलेल्यांनी पुढच्या थांब्यावर उतरायचं नाही, ठरलेल्या थांब्यावरच उतरून तिथेच उभं राहायचं. राहिलेल्यांनी मागून येणाऱ्या बसने यायचं. शोधायला उलट कोणीही जायचं नाही. तास जातो तो दोन्ही बाजू हलत राहिल्यामुळे. सहा जणांच्या आधीच तीन-तीनच्या दोन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत मार्ग माहीत असलेला एक जण हवा आणि थांब्याचं नाव कागदावर लिहिलेलं हवं, कारण संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी टिकेलच असं नाही.

तिकिटांचं म्हणाल, तर दिवसाच्या पासच्या किमतीला एका फेरीच्या भाड्याने भागा. उत्तर चार आलं आणि तुमच्या फेऱ्या तीनच असतील, तर पास नको. फाटक असलेल्या मेट्रोत एक कार्ड दोघांत वापरायला जाऊ नका. कार्डावर प्रवेश आणि बाहेर पडणं यांची जोडी नोंदवली जाते, दुसऱ्या माणसाला फाटक अडवू शकतं.

प्रश्न : मेट्रो वेगवान असताना बसचा आग्रह कशाला?

उत्तर : जुन्या भागापर्यंत पोहोचायला मेट्रोच घ्या, आतलं शहर मात्र जमिनीवरून पाहा. तरी काही स्थानकं स्वतःच पाहण्यासारखी असतात. अथेन्सच्या सिंतग्मा स्थानकात खोदकामात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. इस्तंबूलच्या येनिकापी स्थानकासाठी खणताना जुन्या बंदराच्या गाळात ३७ जहाजांचे अवशेष मिळाले. आपल्या शहरात मेट्रो खणली असेल तर तेव्हा काय सापडलं, ते कुठे ठेवलंय, हे संग्रहालयात जरूर विचारा. प्रदर्शन स्थानकातच असेल तर ते फाटकाच्या आत आहे की बाहेर हे आधी पाहा, नाहीतर एकदा बाहेर पडलात की पुन्हा तिकीट काढावं लागेल.

प्रश्न : आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. ती म्हणते, तुम्हीच जाऊन या.

उत्तर : तिला घेऊन जा. चारशे मीटर चालायला एरवी पाच मिनिटं लागतात, दगडी फरसबंदीवर तिच्यासाठी दहा धरा. चढायला पायऱ्या नसलेली, जमिनीलगत तळ असलेली (लो-फ्लोअर) बस निवडा. मेट्रो स्थानकाच्या कोणत्या दाराला लिफ्ट आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण बहुधा सगळ्या दारांना नसते. चढावर पाहायचं असेल तर वरच्या थांब्यापर्यंत गाडीने जा. पण उतरण पायीच करायची असं गृहीत धरू नका, दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त जाचतो. खालीही गाडीनेच या.